दुखण्याचा फोटो

त्या तपासणीचं खरं नाव अडीच ओळींचं होतं आणि ते फक्त संमतिपत्रावर छापलेलं असायचं. नागपुरात सगळे तिला ‘दुखण्याचा फोटो’ म्हणत. ऑटोवाल्याला एवढंच सांगितलं तरी तो वर्धा रोडवरच्या त्या पांढऱ्या इमारतीच्या फाटकाशी बरोबर आणून सोडायचा.

प्रणोती डहाके तिथे पहिल्या दिवसापासून तंत्रज्ञ होती. चार वर्षांत तिने अकराशेच्या वर माणसं त्या यंत्राच्या कड्यातून आत सरकवली होती आणि बाहेर काढली होती. त्यात खडू धरता न येणारे मास्तर होते, गुडघा बदलूनही जिना न चढू शकणाऱ्या बाया होत्या, आणि कापून टाकलेला पाय अजून ठणकतो म्हणणारा खाणीतला एक ड्रिलरही होता. पडद्यावर मणक्याच्या कडेला नारिंगी ठिपका उजळला की यातले निम्मे लोक रडायचे. दुखणं सापडलं म्हणून नव्हे, तर सोबत आलेल्यांना ते दिसलं म्हणून. त्या एका क्षणासाठी प्रणोतीला आपली नोकरी मनापासून आवडायची.

यामागचं विज्ञान तिने इतक्या जणांना समजावलं होतं की ते तिला झोपेतसुद्धा सांगता आलं असतं. जखम झाली की शरीराच्या पहारेकरी पेशी तिथल्या नसेच्या मुळाशी धावून येतात. जखम भरते, पण काही जणांच्या शरीरात या पहारेकऱ्यांना ‘झालं, आता घरी जा’ असा निरोपच पोचत नाही. त्या तिथेच खवळलेल्या राहतात आणि नस वर्षानुवर्षं ओरडत राहते. अशा खवळलेल्या पेशीच्या अंगावर एक विशिष्ट प्रथिन असतं. कुलपात किल्ली बसावी तसा त्यात अडकणारा एक रेणू रसायनज्ञांनी घडवला आणि त्याला किरणोत्सारी फ्लोरीन जोडलं. हे फ्लोरीन रोज सकाळी तळघरातल्या सायक्लोट्रॉनमध्ये तयार व्हायचं आणि दर एकशे दहा मिनिटांनी निम्मं व्हायचं, त्यामुळे केंद्रातलं सगळं काम घड्याळाशी शर्यत लावूनच चाले. औषध शिरेत गेलं की तासाभरात रेणू आपलं कुलूप शोधून बसतो. तिथे फ्लोरीनमधून पॉझिट्रॉन सुटतो, शेजारच्या इलेक्ट्रॉनला भिडतो, दोघंही नाहीसे होतात आणि त्यांच्या जागी गॅमा किरणांची जोडी एकमेकांच्या बरोबर विरुद्ध दिशांना निघते. भोवतीचं कडं या जोड्या टिपतं. अशा कोट्यवधी जोड्या मागे मागे नेत संगणक शोधून काढतो की हे किरण निघाले कुठून. जिथून निघाले तिथे दुखतं.

दुखणं असं दिसायला लागल्यावर पहिलं वर्ष कौतुकात गेलं. दुसऱ्या वर्षापासून कचेऱ्या फोटो मागू लागल्या. हलकं काम हवं, मग फोटो जोडा. अपघाताची भरपाई हवी, तरी फोटो जोडा. कोर्टाने दोन खटल्यांत तो पुरावा म्हणून मान्य केला आणि मग घराघरांतही तेच सुरू झालं. कुणाची सून खरंच आजारी आहे का, कुणाचा बाप उगाच कण्हतो का, हे ठरवायला लोक नंबर लावू लागले. ठिपका नसेल तर अहवालावर एक ठरलेलं वाक्य उमटायचं: ‘वेदनेचा पुरावा आढळला नाही.’

२०४१च्या फेब्रुवारीत रूपेश आपल्या बायकोला घेऊन तिथे आला. रूपेश प्रणोतीचा मोठा भाऊ.

हर्षदावहिनी शहरातल्या विजेच्या बस चालवायची. तीन वर्षांपूर्वी अजनीच्या चौकात मागून एका ट्रकने तिच्या बसला धक्का दिला. कुणाला खरचटलंही नव्हतं. हर्षदाच्या मानेला तेवढा जोरात हिसका बसला होता. महिनाभराने तिच्या डाव्या हातात आग सुरू झाली. ओढणीची कड लागली तरी चटका बसल्यासारखं व्हायचं. एक्सरे स्वच्छ आला, एमआरआय स्वच्छ आला. तिने स्टिअरिंग सोडलं, मग कणीक मळणं सोडलं, मग रूपेशच्या शेजारी त्या कुशीवर झोपणंही सोडलं. कंपनीने तिला डेपोत बसायचं काम दिलं आणि वर्षभराने कळवलं की आता फोटो आणा.

“एकदाचा सोक्षमोक्ष लागून जाऊ दे न बाप्पा,” रूपेश प्रणोतीला बाजूला घेऊन म्हणाला. “मी थकलो आता. खरं असेल तर खरं, नसेल तर नसेल.”

प्रणोतीने मान डोलावली. तिचं स्वतःचं मत तर कधीच झालं होतं. दीड वर्षांपूर्वी दादाच्या घरी चहा टाकताना तिनेच त्याला सांगितलं होतं, “दादा, रिपोर्ट सगळे मी बघितले. मला विचारशील तर वहिनीला काही झालेलं नाही. काम टाळायची सवय लागलीय.”

टेबलावर हर्षदा मुकाट्याने आडवी झाली. हात हलू नये म्हणून प्रणोतीने नेहमीप्रमाणे मनगटावर पट्टा आवळला. हर्षदा छताकडे बघत होती. तिच्या तोंडून आवाज निघाला नाही, चेहराही हलला नाही. पण तिच्या बोटाला लावलेल्या नाडीयंत्रावर शहात्तरचा आकडा एकदम एकशे चोवीस झाला.

“वहिनी, सैल करू का?”

“कर तुला जसं करायचं तसं. मी सांगून काय होते?”

प्रणोतीने पट्टा सोडून हाताखाली उशी दिली. भीती वाटत असेल, असं तिने स्वतःला समजावलं आणि कडं सुरू केलं.

दुपारी अहवाल आला. पाठीचा कणा राखाडी, मान राखाडी, ठिपका कुठेच नाही. खाली ते ठरलेलं वाक्य आणि केंद्रप्रमुख डॉ. नुसरत काझींची सही. रूपेशने कागद दोनदा वाचला आणि घडी करून खिशात घातला. तो चिडला असता तर बरं झालं असतं. त्याचा चेहरा नुसता उतरला.

“म्हणजे आता मशीनही म्हणते की मी खोटी,” हर्षदा म्हणाली. “चला.”

आठवड्याभरात ती वर्ध्याला माहेरी निघून गेली. रूपेशने तिला थांबवलं नाही. कंपनीची नोटीस माहेरच्या पत्त्यावर पोचली: खोटा दावा केल्याबद्दल कामावरून का काढू नये, तीस दिवसांत खुलासा करावा.

ही सगळी बातमी प्रणोतीला फोनवर कळत होती आणि दरवेळी तिच्या डोळ्यांपुढे एकच आकडा यायचा. एकशे चोवीस. नाटक करणाऱ्याला कण्हता येतं, हात आखडून घेता येतो. पण वहिनी तर कण्हलीही नव्हती. आणि नाडी कुणी कशी पळवणार?

एका बुधवारी सकाळी, तळघरातून पहिला डोस वर यायला अजून तासभर होता, तेव्हा तिने हर्षदाची कच्ची प्रतिमा उघडली. कच्ची प्रतिमा सहसा कुणी बघत नसे. संगणक प्रत्येक माणसाचं चित्र आपोआप उजळ करून घ्यायचा, मणक्यावरचे ठिपके शोधायचा आणि अहवाल लिहायचा. प्रणोतीने ते उजळवणं बंद केलं आणि शेजारी आणखी सहा जणांच्या कच्च्या प्रतिमा लावल्या. मुद्दाम ठिपके न सापडलेल्याच निवडल्या.

सहाही चित्रांत डाव्या बरगड्यांखाली एक फिकट चंद्रकोर होती. ती प्लीहा. पहारेकरी पेशींची ती छावणीच. दुखत असो वा नसो, तिथे त्या असतातच आणि थोड्या चमकतातच. 

हर्षदाच्या चित्रात तिथे अंधार होता.

प्रणोतीने खुर्ची पुढे ओढली. हाडांतली मज्जा पाहिली, तिथेही काही नाही. मग ती उठली आणि सरळ डॉ. काझींच्या खोलीत गेली. मॅडम एकसष्ट वर्षांच्या होत्या. हा रेणू भारतात आणण्यासाठी त्यांनी सात वर्षं घालवली होती.

“इंजेक्शन शिरेबाहेर गेलं असेल,” चित्रं पाहून त्या म्हणाल्या.

“सुईची जागा बघितली, मॅडम. तिथे काही साठलेलं नाही. यकृतात औषध आहे, मूत्राशयात आहे. ते सगळीकडे फिरलं. पण कुठेही बसलं नाही.”

मॅडमनी चष्मा काढला आणि काही वेळ नुसत्या पडद्याकडे पाहत राहिल्या. चष्म्याशिवाय त्यांना काही दिसत नसे हे प्रणोतीला माहीत होतं.

“किल्ली बरोबर आहे,” त्या शेवटी म्हणाल्या. “बाईचं कुलूपच निराळं आहे.”

“तसं असेल तर वहिनीच्या अंगात किती का दुखेना, आपल्याला दिसणारच नव्हतं.”

“वहिनी? ही तुझी वहिनी आहे?” मॅडमनी चष्मा पुन्हा लावला. “जुन्या सगळ्यांच्या कच्च्या प्रतिमा काढ. सगळ्यांच्या.”

अकराशे चाळीस प्रतिमा तपासायला नऊ दिवस लागले. त्यांपैकी एकशे सव्वीस जणांच्या प्लीहेत अंधार होता, आणि त्या एकशे सव्वीस जणांच्या अहवालावर तेच वाक्य होतं. जे बोलावल्यावर आले त्यांचं रक्त तपासलं, तेव्हा जनुकातलं एकच अक्षर बदललेलं निघालं. त्यामुळे प्रथिनाचा आकार किंचित वेगळा होत होता आणि रेणू त्यावरून घसरून जात होता. ज्या परदेशी प्रयोगांत तो आधी तपासला गेला, तिथे असं अक्षर शंभरात एखाद्याचं होतं आणि त्याची दखल कुणी घेतली नव्हती. या केंद्रात आलेल्यांत ते नवातल्या एकाचं होतं.

केंद्राच्या विश्वस्तांचा फोन आला तेव्हा प्रणोती डॉ. काझींच्या खोलीतच होती. आवाज मोठा ठेवलेला होता.

“मॅडम, तुमच्या अभ्यासाबद्दल प्रश्नच नाही. पण जाहीर करायची एवढी घाई कशाला? आधी नवं औषध तयार होऊ द्या, मग दोन्ही एकदमच सांगू.”

“घाई मी चार वर्षांपूर्वी केली,” डॉ. काझी शांतपणे म्हणाल्या. “‘आढळला नाही’ असं मी लिहीत होते आणि लोक ‘नाही’ असं वाचत होते. ते मला दिसत होतं. उद्या पत्रं जातील. एकशे सव्वीस जणांना, आणि जिथे जिथे आपला अहवाल दिला गेला त्या प्रत्येक कचेरीला.”

“केंद्राचं नाव खराब होईल.”

“होऊ द्या. सही माझी आहे.”

पत्रं गेली. वर्तमानपत्रांनी आठवडाभर धुमाकूळ घातला. यंत्र बंद करा, असा मोर्चाही आला. डॉ. काझी स्वतः फाटकाशी गेल्या आणि मोर्चातल्या लोकांना आत बोलावून त्यांनी चंद्रकोर असलेली आणि अंधार असलेली, अशा दोन्ही प्रतिमा दाखवल्या. या गोंधळात बंद ठेवलेलं यंत्र दहाव्या दिवसापासून पुन्हा सुरू झालं. फरक एवढाच होता की आता आधी प्लीहा बघितली जायची, आणि तिथे अंधार असला तर अहवालात लिहिलं जायचं: ‘या व्यक्तीची वेदना पाहण्याची क्षमता आमच्या तपासणीत नाही.’ हे वाक्य प्रणोतीने लिहिलेलं होतं. मॅडमनी त्यातला एक शब्दही बदलला नाही.

एकशे सव्वीसांतलं एक पत्र मात्र तिने टपालाने पाठवलं नाही.

वर्ध्याला हर्षदा अंगणात डाव्या हाताला उन्हाची तिरीपसुद्धा लागणार नाही अशी बसली होती. प्रणोतीने पत्र दिलं, आणि ती वाचत असतानाच सगळं तोंडानेही सांगून टाकलं. हर्षदाने पत्र खाली ठेवलं.

“कंपनीला गेलं हे?”

“कालच. नोटीस मागे घ्यावी लागेल त्यांना.”

“चांगलं झालं.”

“वहिनी, अजून एक सांगायचंय. मी दादाला एकदा म्हटलं होतं की...”

“ऐकलं होतं मी. चहा टाकत होतीस तू. मी मागच्या दाराशी होते.” हर्षदाच्या आवाजात राग नव्हता. “मशीनचं मला इतकं नाही लागलं प्रणोती. ते बिचारं मला ओळखतही नव्हतं. तू बारा वर्षं ओळखत होतीस. साठ माणसांची बस चालवत होते तेव्हा मी कधी एक दिवस खाडा केला होता का?”

“चुकलं माझं,” प्रणोती म्हणाली. “मोठी चूक झाली.”

हर्षदाने पत्र उचलून त्याची घडी घातली. मग म्हणाली, “जेवून जा. आईने झुणका केलाय.”

नवा रेणू यायला आठ महिने लागले. जुन्या किल्लीचा एक दात घासून तो घडवला होता, असं मॅडम सगळ्यांना सांगत. तपासणीसाठी एकशे सव्वीसांपैकी त्र्याण्णव जण परत आले. हर्षदा तिसऱ्या दिवशी आली, बसने, एकटीच. रूपेशला प्रणोतीने कळवलं होतं. तो बाहेरच्या बाकावर येऊन बसला, पण जवळ जायचा धीर त्याला झाला नाही.

या वेळी प्रणोतीने पट्ट्याला हातच लावला नाही. “वहिनी, हात कसा ठेवला तर चालेल, तुम्हीच सांगा.”

पडद्यावर आधी प्लीहेची चंद्रकोर उमटली. मग मानेच्या डाव्या बाजूला, सहाव्या आणि सातव्या मणक्याच्या मध्ये, जिथून हाताची नस निघते तिथे, ठिपका उजळला. प्रणोतीने आजवर पाहिलेल्यांत तो सर्वांत भडक होता. तिने चित्र छापलं आणि धावतच बाहेर नेलं.

हर्षदा बुटांचे बंद एका हाताने बांधायची खटपट करत होती. तिने कागदाकडे बघितलंसुद्धा नाही.

“मला कशाला दाखवतेस? मला माहीतच होतं कुठे आहे ते.” तिने बाकाकडे मान केली. “त्यांना दाखव.”

रूपेशने कागद हातात घेतला. ठिपक्यावर त्याने अंगठा ठेवला, मग घाईने उचलला, जणू तिथेही दुखेल.

“हर्षदा, घरी चल,” तो म्हणाला.

“फोटो आला म्हणून?”

रूपेशने कागदाची घडी घातली.

“फोटो नसता आला तर मी तिथेच राहिले असते न, वर्ध्याला? मी तीन वर्षं तोंडाने सांगत होते. तुम्ही कागदाची वाट बघत होता.” ती उठली. “आता मी उपचार घेणार आहे. घराचं मग बघू.”

उपचाराची गंमत अशी की तो रेणूच औषधही होता. फ्लोरीन काढून त्याच्या जागी, एका छोट्या रासायनिक पिंजऱ्यात, ल्युटेशियम बसवायचं. फ्लोरीन फक्त जागा दाखवतं. ल्युटेशियममधून निघणारे कण मिलिमीटरभर, फार तर दोन मिलिमीटर जातात, आणि त्या टप्प्यातल्या खवळलेल्या पेशींना थंड करतात. पलीकडची नस शाबूत राहते. जुन्या रेणूने सातशेहून जास्त लोकांवर हे उपचार झाले होते आणि त्यांतले बहुतेक सुधारले होते. हर्षदाच्या प्रकारच्या कुलपासाठी मात्र तीच पहिली होती. डॉ. काझींनी तिला धोके एकेक करून सांगितले. हर्षदाने शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि विचारलं, “बस चालवता येईल?”

“मला वाटतं, येईल,” मॅडम म्हणाल्या. “पण आधीसारखं खात्रीने सांगायची माझी सवय मी सोडलीय.”

हर्षदा पहिल्यांदाच हसली. “मग करा.”

औषध दिल्यावर पहिले काही दिवस शरीरातून किरण बाहेर पडत असतात, म्हणून तिला केंद्रातल्या वेगळ्या खोलीत ठेवलं होतं. भेटायला येणाऱ्याने जमिनीवरच्या पिवळ्या पट्टीच्या अलीकडे बसायचं, तेही अर्धाच तास. रूपेश पहिल्या दिवशी आला आणि अर्धा तास नुसता बसून गेला. दुसऱ्या दिवशी त्याने विचारलं, “अजनीला त्या दिवशी नेमकं काय झालं होतं?” हर्षदाने सांगितलं. धक्का, हिसका, प्रवाशांना उतरवणं, रात्री उशीवर मान ठेवता न येणं, पहिली आग. तिला सांगायला वीस मिनिटं लागली. काचेच्या पलीकडे नोंदी घेत उभ्या असलेल्या प्रणोतीच्या लक्षात आलं की दादा हे सगळं पहिल्यांदाच ऐकत होता. आणि आपणही.

पाचव्या दिवशी प्रणोती किरणांची मोजणी करायला आत गेली तेव्हा रूपेश पट्टीशी येऊन बसला होता. मोजणीयंत्राचा आकडा चांगला उतरलेला होता. मानेजवळ मात्र औषध अजून घट्ट धरून बसलं होतं, म्हणजे हवं तसंच. कालच्या प्रतिमेत ठिपका फिकट झालेला तिने स्वतः पाहिला होता. बातमी तिच्या ओठांवर होती.

“आज कसं वाटतं?” रूपेशने विचारलं.

सवयीने प्रणोतीने उत्तर द्यायला तोंड उघडलं. पण दादा तिच्याकडे बघतच नव्हता. तिच्या हातातल्या यंत्राकडेही नाही. तो कोपर गुडघ्यांवर टेकवून, पुढे वाकून हर्षदाकडे बघत होता.

प्रणोतीने तोंड मिटलं.

हर्षदाने डावा हात चादरीवर ठेवला. बोटं एकदा मिटली, एकदा उघडली. मग तिने चादरीची कड हळूच ओढून मनगटावर घेतली आणि तशीच राहू दिली.

“दुखतं,” ती म्हणाली. “पण आग नाही. आग गेली.”

“बरं,” रूपेश म्हणाला. त्याने आणखी काही विचारलं नाही, कागद मागितला नाही. पट्टीच्या अलीकडेच त्याने खुर्ची जरा सरळ केली. “मग पुढे सांग.”